वायकिंग रोज काय जेवत होते?

व्यायामशाळेत जाणारे तरुण रुग्ण हल्ली विचारतात, "डॉक्टर, वायकिंगांसारखं नुसतं मांस खाऊन राहिलं तर चालेल का?" मालिकांमधला तंगडी तोडणारा दणकट दर्यावर्दी त्यांच्या डोळ्यांसमोर असतो. पण ८व्या शतकाच्या अखेरीपासून ११व्या शतकापर्यंत डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडनमध्ये राहिलेले हे लोक बहुतेक शेतकरी होते. त्यांचं पोट भरे ते जव, राय आणि ओट या धान्यांवर. जवाची लापशी किंवा जात्यावर दळलेल्या पिठाची भरड भाकरी. सोबत वाटाणे, कोबी, कांदा, रानफळं. आइसलंडात 'स्कीर' हे साय काढलेल्या दुधाचं घट्ट दही आणि त्याची आंबट निवळी. मांस असे, पण ते बहुधा हंड्यात शिजवलेलं, आणि ताटात किती पडेल हे घराच्या ऐपतीवर.

पुरावा पाहायचा तर यॉर्कला जावं लागेल. इंग्लंडमधलं हे शहर वायकिंगांनी जिंकून वाढवलं. तिथे १९७२ मध्ये एका बँकेच्या जागेवरच्या उत्खननात माणसाच्या विष्ठेचा सुमारे २० सेंटीमीटर लांबीचा, टणक झालेला तुकडा मिळाला. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात धान्याचा कोंडा आणि मांसाचे अंश दिसले, आणि जंतांची भरमसाट अंडीही. आजही हे जंत मातीत मिसळलेल्या विष्ठेतून, न धुतलेल्या हातांवाटे आणि कच्च्या भाज्यांवाटेच पोटात जातात. म्हणून कोशिंबिरीची काकडी, कोथिंबीर वाहत्या पाण्याखाली नीट धुवा आणि मुलांना शाळेत मिळणारी जंताची गोळी चुकवू नका.

दातांचं मला जास्त वाईट वाटतं. स्वीडनमधल्या वार्नहेमच्या स्मशानातले १७१ जणांचे तीन हजारांहून अधिक दात संशोधकांनी तपासले. निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रौढांपैकी साठ टक्क्यांहून अधिक जणांचे दात किडलेले होते, दुधाचे दात असलेल्या मुलांत मात्र कीड नव्हती. साखर त्यांच्या गावीही नव्हती! दातांत अडकलेल्या पिठूळ कणांवरही जिवाणू आम्ल तयार करतात. तेव्हा 'मी गोड खातच नाही' या भरवशावर रात्रीचं ब्रश टाळू नका.

त्यांच्याकडून घेण्यासारखं आहे ते अख्खं धान्य. जव आणि ओट यांतला बीटा-ग्लुकान हा चिकट तंतू रोज सुमारे ३ ग्रॅम पोटात गेला, तर वाईट कोलेस्टेरॉल काहीसं उतरतं. नुसत्या मांसावर राहिलात तर हा तंतू शून्य. बद्धकोष्ठ ठरलेलं, आणि मूत्रपिंड आधीच दुबळं असेल तर धोका वेगळाच. कोंड्यासकटचे जव रात्री भिजवून सकाळी शिजवा, वर साधं ताक घ्या.

मासेही घ्या. नॉर्वेच्या लोफोटेन बेटांवर कॉड मासा लाकडी मांडवांवर टांगून, मीठ न लावता गार वाऱ्यात वाळवतात. वायकिंग काळात उत्तरेकडचा कॉड दक्षिणेत पार आजच्या जर्मनीतल्या हेडेबीच्या बाजारापर्यंत जाई. तिथे सापडलेल्या हाडांच्या डीएनएवरून ते कळलं. आपल्याकडे उकाडा आणि दमटपणा असल्याने खारा बांगडा मिठातच मुरवावा लागतो. रक्तदाब असेल तर तो रोजच्या ताटात नको. ताजा बांगडा, तारली खा.

वायकिंग दोनदाच जेवत, हे ऐकून काही मधुमेही लगेच नाश्ता बंद करतात. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना असं परस्पर करू नका. साखर एकाएकी खाली येते, घाम फुटतो, हात थरथरतात, शुद्धही हरपते. दोन वेळच्या जेवणावर यायचंच असेल, तर आधी डॉक्टरांकडून औषधाची मात्रा बदलून घ्या.