आधी पोराचं वाचन ऐक

पोरी, शाळेत रुजू झालीस की पहिल्याच महिन्यात कोणीतरी विचारेल, किती पाठ झाले? त्यांना काय सांगायचं ते सांग. तू मात्र स्वतःला विचार, चौथीतल्या कुठल्या पोराला नेमकं काय वाचता येतं? त्याचं उत्तर सापडेपर्यंत पुस्तक पुढे रेटू नकोस.

ते शोधायला लेखी चाचणी नको. हजेरीपटाच्या क्रमानं एकेकाला बाजूला बसव आणि ऐक. ‘प्रथम’ संस्थेची माणसं 2005 पासून ‘असर’च्या पाहणीत घरोघरी जाऊन हेच करत आली आहेत. पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा द्यायचा. तो जमला तर दुसरीच्या पातळीची गोष्ट. अडलं तर सुटे शब्द, तेही नाही तर अक्षरं. गणितात हातच्याची वजाबाकी, ती आली तर तीन अंकी संख्येला एका अंकानं भागणं, नाही आली तर नुसतं संख्या ओळखणं. एका पोराला पाच मिनिटं पुरतात. एक जाड वही कर, पोरागणिक एक पान, वर तारीख. त्यात मार्क लिहू नकोस, कुठं अडलं ते लिही.

मग रोज एक तास इयत्ता विसर. तिसरी ते पाचवीची पोरं पातळीप्रमाणे बसव: अक्षरवाली एकीकडे, शब्दवाली एकीकडे, गोष्ट वाचणारी व्हरांड्यात. पाड्यावरच्या द्विशिक्षकी शाळेत सगळे वर्ग तसेही एकत्रच बसतात. ज्याला आपण अडचण म्हणतो, ती या तासाला उपयोगी पडते. पाचवीतलं पोर अक्षरांच्या गटात बसलं म्हणून त्याला कुणी हसलं, तर तिथं मात्र आवाज चढव.

भाषेचं नीट ऐक. इकडे पालघर जिल्ह्यात पोर घरी वारली बोलतं, कुणी कातकरी, किनाऱ्याला मांगेली, तलासरीकडे गुजरातीची मिसळण. बोईसरला औद्योगिक वसाहतीतल्या कामगारांची पोरं घरी हिंदी नाहीतर भोजपुरी बोलतात. तू बीडची, तुझी मराठीही त्यांना पुस्तकासारखी वाटणार नाहीच. म्हणून पहिले दोन महिने पोरांनी बोलायचं आणि तू फळ्यावर लिहायचं. तारपा कोण वाजवतो, कणसरी देवीची पूजा कशी होते, बोईसरच्या बाजारात आईनं काय आणलं. पोर जे बोललं तेच त्याच्या बोलीत लिही, त्यालाच वाचू दे. खाली पुस्तकी मराठीतलं वाक्य लिही आणि तेही वाचून घे. वाचता वाचता उच्चार सुधारत बसू नकोस. मध्येच तोडलं की पोराचा अर्थ सुटतो आणि ते नुसते आवाज काढत राहतं. कपाटात ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक असतील तर कुलूप उघड. फाटतील, फाटू देत. मूल्यांकनाच्या दिवशी दाखवायला जपलेली पुस्तकं मी फार पाहिली, त्यातून वाचायला शिकलेलं पोर एकही पाहिलं नाही.

आता गणित. फळ्यावर 52 वजा 17 मांड. निम्मी पोरं 45 लिहितील. हा निष्काळजीपणा नाही गं. त्यांनी सातातून दोन काढले, पाचातून एक काढला. मोठ्यातून लहान काढायचा एवढंच त्यांच्या ध्यानात राहिलंय. ‘हातचा घे’ असं दहा वेळा ओरडून काही होत नाही. कारवीच्या काड्या आण, कुडाच्या भिंतींमुळे त्या इथं सगळ्यांच्या ओळखीच्या. बोटाएवढे तुकडे कर, दहा-दहाचे गठ्ठे रबरानं बांध. पाच गठ्ठे, दोन सुट्या. सात द्यायच्यात, सुट्या दोनच. मग काय करशील? कुणीतरी पोरगी गठ्ठा सोडेलच. बारातून सात गेल्या, पाच उरल्या; चार गठ्ठ्यांतला एक गेला, तीन उरले. पस्तीस. हे हातांनी आठवडाभर झालं की मगच फळ्यावर हातचा मांड.

बावन्न म्हटलं की काही पोरं 25 लिहितात, कारण बोलण्यात दोन आधी येतात आणि लिहिण्यात पाच. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘पन्नास दोन’ असंही वाचन दिलं तेव्हा राज्यभर केवढा गदारोळ झाला. माझं मत विचारशील तर दोन्ही म्हणू द्यावं. ‘पन्नास दोन’ म्हणत नीट लिहायला लागलेलं पोर बाजारात ‘बावन्न’ आपोआप म्हणतं.

सगळ्यात मोठी गळती दिवाळीनंतर. भात झोडून झालं की घरंच्या घरं वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात, तलासरी-डहाणूचे कित्येक बाप खलाशी म्हणून गुजरातच्या बोटींवर जातात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, 1957 मध्ये कोसबाडच्या टेकडीवर नेलं. गुरं राखणारी पोरं शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळा कुरणात नेली. तुला भट्टीवर जाता येणार नाही, पण दिवाळीआधी पाड्यावर जाता येईल. कोण कुठल्या गावाला, कुठल्या भट्टीवर जाणार, ते विचारून ठेव. घरी आजी राहणार असेल तर पोराला तिच्यापाशी ठेवायचं बोलणं आजीशीच कर. जाणाऱ्याला शिक्षण हमी पत्रक दे, आणि त्याच्यासोबत तुझ्या वहीतल्या त्याच्या पानाची नक्कलही. नुसत्या पत्रकावरून तिकडच्या गुरुजींना पोर नेमकं कुठं अडतं ते कळेलच असं नाही.

विरारहून येणार असशील तर डहाणू लोकलचं वेळापत्रक पाठ करावंच लागेल, त्याला इलाज नाही. फक्त तो वाचनाचा तास शेवटी ठेवू नकोस. साडेचारला तुझं लक्ष घड्याळाकडे जाणार आणि पोरांनाही ते कळणार. परिपाठ संपला की लगेच घे.

पुढं कधीतरी तुझी जिल्हा बदली होईल, व्हावीच, घर बीडला आहे तुझं. जाताना ती वही पिशवीत टाकू नकोस. तुझ्या जागेवर येणाऱ्याच्या हातात दे, आणि अर्धा दिवस बसून एकेक पान समजावून सांग.