नकळत दारू सोडवता येते का?

प्रश्न : विरार लोकलच्या डब्यात ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ अशी स्टिकरं चिकटवलेली असतात. माझे मिस्टर रोज पितात, डॉक्टरांचं नाव काढलं तरी भडकतात. सकाळी उठवत नाही तेव्हा ‘ताप आलाय’ असा फोन त्यांच्या कंपनीत मीच करते. ती पावडर गुपचूप आमटीत घातली तर चालेल का?
– एक वाचक, नालासोपारा

उत्तर : ताई, घालू नका. त्या पुडीत काय आहे याची खात्री कुणीच देत नाही. त्यात डायसल्फिरॅम असेल, तर वरून दारू पोटात गेल्यावर चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो. हृदय दुबळं असेल तर जिवावरही बेतू शकतं. मानसोपचारतज्ज्ञ हे औषध देतात, पण तपासण्या करून आणि रुग्णाला सगळं सांगून. आता प्यायलो तर त्रास होणार, हे त्याला ठाऊक असतं म्हणून तो ग्लासाला हात लावत नाही. नकळत देण्यात ते बळच उरत नाही, उरतो फक्त धोका.

घरात कोंडून दारू तोडणंही तितकंच वाईट. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम बंद झाली, तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. पुढे हात थरथरणं, भास, असंबद्ध बडबड सुरू झाली तर थेट हॉस्पिटल गाठायचं.

आता कंपनीतल्या फोनचं. तो तुम्ही मायेनं करता, पण त्यामुळे दारूचे परिणाम त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाहीत. तो बंद करा. उधारीही फेडू नका. बोलायचं ते सकाळी, ते शुद्धीत असताना. काल काय घडलं तेवढंच सांगा, शिव्याशाप नकोत. हात उगारला तर मात्र बोलत बसू नका. मुलांना घेऊन बाहेर पडा, ११२ ला फोन लावा.

ते उपचारांना तयार होईपर्यंत स्वतःसाठी मदत घ्यायला तुम्ही थांबायची गरज नाही. दारूतून सावरलेल्या, ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’चा सहसंस्थापक असलेल्या बिल विल्सनच्या पत्नीला, लोइसला, नवरा सुटल्यावरही स्वतःच्या मनातली चीड सुटलेली नाही हे जाणवलं. पुढे १९५१ साली तिच्या पुढाकारानं अल-अनॉन ही संघटना उभी राहिली. या संघटनेच्या सभा पिणाऱ्यांच्या नातलगांसाठी असतात, आणि त्या मुंबई परिसरातही भरतात. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातही कुटुंबाचं समुपदेशन उपचारात धरलेलं आहे. तुमच्या जवळ, वसईत, कृपा फाउंडेशनचं केंद्र आहे. स्वतः व्यसनातून बाहेर आलेल्या फादर ज्यो परेरांनी १९८१ मध्ये वांद्र्यात ही संस्था सुरू केली.

मिस्टर आज येणार नाहीत, तर तुम्ही एकट्या जा. निघण्याआधी १४४४६ या सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर बोलून घ्या. फोनला पैसे पडत नाहीत.