जाहिरातीतलं ‘म्हणजे’ तपासा

व्हिडिओत आपण जाहिरातीचा एक मेसेज तपासला. तेच इथे लिहून देतोय, म्हणजे स्वतःचा मेसेज शेजारी ठेवून ताडून बघता येईल.

ग्रीक विचारवंत ॲरिस्टॉटलने सुमारे २३०० वर्षांपूर्वी पटवण्याचे तीन मार्ग सांगितले: बोलणाऱ्यावरचा विश्वास, ऐकणाऱ्याची भावना आणि तर्क. तिन्ही बिनधास्त वापरा. फक्त तर्क लंगडा नको.

समजा, तुम्ही लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल विकता आणि ग्रुपवर हे टाकलं:

“मुलांवर प्रेम असेल तर आमचंच तेल घ्या. अख्खी सोसायटी घेते, म्हणजे शुद्धच! एका काकांनी महिनाभर वापरलं आणि शुगर नॉर्मल.”

१. दोनच पर्याय: आमचं तेल, नाहीतर प्रेम नाही. दुसरं तेल वापरणारी आई हे वाचून दुखावते आणि गुपचूप ग्रुप सोडते.

२. गर्दीचा पुरावा: सोसायटी घेते यावरून तेल खपतं एवढंच कळतं. शुद्ध आहे की नाही, ते लॅब रिपोर्ट सांगेल.

३. आधी हे, नंतर ते, म्हणून यामुळेच ते: काकांनी त्याच महिन्यात गोळ्या बदलल्या असतील किंवा चालायला सुरुवात केली असेल. हे वाचून कुणी गोळ्या बंद केल्या तर? खाण्याच्या तेलाने आजार बरा होतो असा दावा करायला कायद्याने मनाई आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

आता हाच मेसेज असा लिहू:

“तेल तुमच्या डोळ्यांसमोर काढून देतो. लॅब रिपोर्ट दुकानात लावलाय. एका लिटरला साधारण अडीच किलो दाणे लागतात, म्हणून दर जास्त आहे. आधी अर्धा लिटर न्या, फोडणीला आजीच्या स्वयंपाकघराचा वास येतो का बघा.”

विश्वास, तर्क, भावना, तिन्ही आले. आणि ग्राहकाने उद्या दुकानात येऊन विचारलं, तरी प्रत्येक वाक्य दाखवता येईल. (अर्थात रिपोर्ट खरंच लावलेला हवा!)

होमवर्क: तुमचा शेवटचा मेसेज काढा. ‘म्हणजे’, ‘म्हणून’, ‘त्यामुळे’ या शब्दांखाली रेघ मारा आणि प्रत्येक ठिकाणी स्वतःला विचारा, “कशावरून?” उत्तर नसेल, तर ते वाक्य पाठवण्याआधी काढून टाका.