चुकून मिळालेले बक्षीस आणि आपली अमानतदारी



समजा, आपल्या मोबाइलवर बँकेचा संदेश आला की, आपल्या खात्यात बक्षिसाचे ५,००० रुपये जमा झाले आहेत. आपण तर कोणत्याही योजनेत भाग घेतलेला नाही. नोंद करताना चूक झाली आणि दुसऱ्याची रक्कम आपल्या खात्यात आली, हे थोड्याच चौकशीत लक्षात येते. अशा वेळी घरातील एखादी व्यक्ती म्हणते, "अल्लाहने दिलेली रोजी आहे, नाकारायची कशाला?" दुसरी म्हणते, "बँक तर व्याजावर चालते. तिचे पैसे ठेवून घेतले तर काय बिघडले?" ही दोन्ही विधाने शरीअतच्या कसोटीवर घासून पाहिली पाहिजेत.

पहिल्या विधानाचा विचार करू. रोजी अल्लाहच देतो, यात शंका नाही. परंतु ती हलाल मार्गाने आली पाहिजे. श्रम, व्यापार, वारसा, भेट हे ते मार्ग होत. भेटीसाठी देणाऱ्याची इच्छा आवश्यक असते आणि चुकीमध्ये ती इच्छाच नसते. परस्परांची संपत्ती अन्यायाने खाण्यास कुरआनने मनाई केली आहे आणि देवाणघेवाणीसाठी उभयतांची राजीखुशी आवश्यक ठरविली आहे (सूरह निसा, २९). म्हणून ती रक्कम आपल्या खात्यात दिसत असली तरी आपल्या मालकीची होत नाही. ती आपल्याजवळ अमानत आहे, आणि अमानत तिच्या हक्कदाराकडे पोहोचविण्याचा आदेश त्याच सूरहच्या ५८व्या आयतीत आहे.

काहीजण या रकमेला 'लुकता', म्हणजे वाटेत सापडलेली वस्तू, समजतात. परंतु मालक अज्ञात असेल तेव्हाच एक वर्षपर्यंत जाहीर करीत राहण्याचा तो नियम लागू होतो. येथे मालक कोण, हे बँकेच्या नोंदीवरून समजू शकते. तेव्हा वाट पाहण्याचे कारणच उरत नाही.

आता दुसरे विधान. समोरचा व्याज घेतो, म्हणून त्याचा हक्क बुडविता येतो काय? याचे उत्तर हिजरतच्या प्रसंगात आहे. मक्केतील कुरैश प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या जिवावर उठले होते, तरीही लोकांच्या ठेवी त्यांच्याकडेच सुरक्षित होत्या. इ.स. ६२२ मध्ये मक्का सोडताना त्यांनी हजरत अली (रजि.) यांना मागे ठेवले, ते या ठेवी ज्यांच्या त्यांना परत करण्यासाठी. त्या समाजात व्याजाचे व्यवहार होते, मूर्तिपूजा होती, मुसलमानांवर जुलूम होता. यांपैकी कोणत्याही कारणाने ठेव बुडविणे योग्य ठरले नाही. अमानत समोरच्याच्या चारित्र्यावर अवलंबून नसते. ती आपल्या ईमानवर अवलंबून असते.

बुखारी व मुस्लिम या हदीससंग्रहांत एक प्रसंग आला आहे. एकाने जमीन विकत घेतली आणि तिच्यात त्याला सोन्याने भरलेले मडके सापडले. तो विक्रेत्याकडे गेला व म्हणाला की, मी जमीन घेतली, सोने नव्हे. विक्रेत्याचे म्हणणे असे की, मी जमिनीसह तिच्यातील सर्व काही विकले. दोघेही ते सोने घेण्यास तयार नव्हते. अखेर न्यायनिवाडा करणाऱ्याने एकाच्या मुलाचा विवाह दुसऱ्याच्या मुलीशी लावण्यास, ते सोने त्यांच्यावर खर्च करण्यास व त्यातून दानही करण्यास सांगितले. आपण मात्र अनपेक्षित रकमेसाठी प्रथम सबबी शोधतो!

प्रत्यक्षात काय करावे? रक्कम खर्च न करता बाजूला ठेवावी. शाखेत लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. आलेल्या अनोळखी दूरध्वनीवरून परस्पर कोणाला पैसे पाठवू नयेत. फसवणूक अशाच मार्गाने होते. परस्पर सदकाही करू नये, कारण दुसऱ्याच्या मालातून दान करण्याचा आपल्याला अधिकार नाही. रक्कम खर्च झाली असेल तर ते कर्ज समजून फेडावे. चुकून मिळालेले पैसे परत करण्याचे बंधन १८७२च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ७२मध्येही आहे. परंतु मोमिनला कायद्याच्या आधी आखिरतमधील हिशेबाची जाणीव असते.

चौकशीनंतर बँकेने कळविले की, ही चूक नसून बक्षीसच आहे, तर ते कशाबद्दल मिळाले हे विचारावे. ठेवलेल्या रकमेच्या प्रमाणात मिळालेला मोबदला असेल तर त्यात व्याजाचा अंश येतो. अशा वेळी जाणत्या आलिमांचा सल्ला घ्यावा.

शेवटी एक गोष्ट लक्षात ठेवावी. आपण ही रक्कम परत करतो की गप्प बसतो, हे घरातील मुले पाहत असतात. हलाल-हरामचा जो धडा त्यांना पुस्तकातून कळत नाही, तो त्या एका अर्जातून कळतो.

अल्लाह आपणा सर्वांना अमानतदार बनवो आणि हलाल रोजीत बरकत देवो. आमीन.