गळ्यातली नळी : पहिला आठवडा जपण्याचा

कीटकनाशक पोटात गेलेला किंवा दुचाकीवरून पडून डोक्याला मार लागलेला रुग्ण आठवडा-दहा दिवस व्हेंटिलेटरवर राहिला, की ट्रॅकिओस्टॉमीचा विषय निघतो. ‘गळ्याला भोक पाडणार’ म्हटले की नातेवाईक हबकतात, आशा सोडतात. प्रत्यक्षात तोंडातली नळी काढून तिच्याऐवजी दुसरी नळी गळ्यातून श्वासनलिकेत बसवायची असते. त्यामुळे गुंगीचे औषध कमी लागते, बेडका काढणे सोपे जाते. मात्र घाईने जीव वाचतो असे नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील ९०९ रुग्णांच्या चाचणीत चार दिवसांच्या आत आणि दहा दिवसांनंतर नळी बसवण्याच्या धोरणांत मृत्यूचे प्रमाण जवळपास सारखेच निघाले.

ही नळी बसवण्याच्या, सर्जन सिॲग्लिया यांनी १९८५ मध्ये मांडलेल्या पद्धतीत सुई, तार आणि छिद्र रुंदावणारे साधन एवढ्यावर काम होते. रुग्णाला खाटेवरून हलवावे लागत नाही. सुई टोचणाऱ्याइतकाच उशाशी उभा असलेला डॉक्टर महत्त्वाचा. तोंडातली नळी त्याने बेताने वर ओढली नाही, तर सुई तिच्या फुग्यातच शिरते.

खरा घात नंतर होतो, तोही चादर बदलताना. कुशीवर वळवताना व्हेंटिलेटरची नळी ताणली जाते आणि गळ्यातली बाहेर येते. पहिल्या आठवड्यात छिद्राची वाट पक्की झालेली नसते. नळी अंदाजाने परत रेटली तर ती श्वासनलिकेपुढच्या मांसात शिरते, मान फुगते, ऑक्सिजन उतरतो. अशा वेळी छिद्र झाकून तोंडावर मास्क धरावा, अंबू बॅगने श्वास द्यावा आणि तोंडातूनच पुन्हा नळी घालावी. म्हणून उशाशी त्याच मापाची एक, एक माप लहान अशी दुसरी नळी, लॅरिंगोस्कोप आणि सक्शन तयार हवे. वळवताना एकाचा हात नळीवरच असावा. फुग्याचा दाब २० ते ३० सेंटिमीटर पाण्याइतका ठेवावा. एका वेळचे सक्शन १०-१५ सेकंदांत आटोपावे.

नळीसह घरी जाणाऱ्यांचा धोका वेगळा. चुलीचा धूर, फडातली धूळ आणि सुकलेला बेडका यांनी नळी बुजते. धारूरच्या डोंगरातल्या तांड्यावरून रात्री बीड किंवा अंबाजोगाई गाठेपर्यंत वेळ हाताशी नसतो. आतली नळी काढून धुणे आणि सक्शन करणे घरच्या दोघांनी तरी वॉर्डातच, नर्सच्या देखत, स्वतःच्या हाताने शिकावे. तोवर सुट्टी मागू नये.