अलोऱ्याच्या हवेत लॅपटॉप टिकेल का?

प्रश्न : माझी मुलगी यंदा लवेलच्या घरडा इन्स्टिट्यूटमध्ये कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला लागली. रोज एसटीने ये-जा करणार. लॅपटॉपसाठी पंचेचाळीस हजार काढून ठेवलेत, ओढूनताणून पन्नास होतील. दुकानदार म्हणतो, गेमिंगचा घ्या, चार वर्षं बघायला नको. भाचा म्हणतो, कंपन्यांतून निघालेला जुना घ्या, निम्म्या पैशांत काम होईल. आमच्याकडे पावसाळ्यात कपाटातल्या कपड्यांनासुद्धा बुरशी येते, आणि वीजघर शेजारी असूनही लाइट केव्हा जाईल याचा नेम नाही. अशा ठिकाणी टिकेल अशी भरवशाची कंपनी कोणती? आणि दिवाळीच्या सेलपर्यंत थांबावं का?
— एक पालक, अलोरे

उत्तर : कंपनीचं नाव सांगून तुमचं काम होणार नाही, कारण एकच कंपनी दोन अगदी वेगळ्या प्रकारचे लॅपटॉप विकते. लेनोवोचा आयडियापॅड घरगुती वापराचा, थिंकपॅड ऑफिसच्या वापराचा. डेलचा इन्स्पिरॉन आणि लॅटिट्यूड, एचपीचे साधे पंधरा इंची लॅपटॉप आणि एलिटबुक, यांच्यातही तोच फरक. वर नाव तेच असलं तरी आतली बिजागरी, कीबोर्ड आणि पार्ट मिळण्याची सोय सारखी नसते.

म्हणून प्रश्न जरा फिरवून विचारा: बिघडला, तर अलोऱ्यात बसून तो किती दिवसांत आणि किती पैशांत परत सुरू होईल? कॉलेजच्या लॅपटॉपमध्ये प्रोसेसर सहसा जात नाही. जाते ती बॅटरी, सैल होते ती बिजागरी, खिळखिळं होतं ते चार्जिंगचं तोंड, आणि कीबोर्डवर चहा सांडतो. या चार गोष्टी ज्यात सहज बदलता येतात, तो तुमच्यासाठी भरवशाचा. पुढचा सगळा हिशेब याच कसोटीवर.

आधी वीज

कोयना जलविद्युत प्रकल्पाची एकूण क्षमता १९६० मेगावॅट आहे आणि अलोऱ्याची वसाहत त्याच प्रकल्पामुळे वाढली. पण जनित्रातून निघालेली वीज थेट तुमच्या घरी येत नाही. तिचा दाब वाढवून ती उच्चदाब वाहिन्यांवरून राज्याच्या जाळ्यात जाते. तुमच्या घरी पोचते ती महावितरणच्या उपकेंद्रातून, खांबाखांबावरून, आंबा-फणसाच्या फांद्यांतून वाट काढत. फांदी पडली की लाइट गेलीच, मग वीजघर हाकेच्या अंतरावर असो की शंभर मैलांवर.

लॅपटॉपला नुसत्या कमी दाबाचा त्रास नाही. अडॅप्टरवरचं बारीक अक्षर वाचलंत तर ‘इनपुट १०० ते २४० व्होल्ट’ असं छापलेलं दिसेल, म्हणजे या मर्यादेत तो बिनतक्रार चालतो. लाइट गेली तर बॅटरी आहेच, त्यामुळे लॅपटॉपला यूपीएस लागत नाही. लावायचाच असेल तर वायफायच्या राउटरला छोटा लावा.

धोका आहे तो वीज कडाडताना आणि गेलेली लाइट झटक्यासरशी येताना. मेअखेरच्या आणि परतीच्या पावसात गडगडाट सुरू झाला की प्लग काढायचा. राउटरपासून लॅपटॉपपर्यंत केबल असेल तर तीही काढायची, कारण झटका तिच्यातूनही येतो. स्पाइक गार्ड घ्या, पण घराला अर्थिंग नीट नसेल तर त्याचा पुरा उपयोग होत नाही. चार्जिंगला लावलेल्या लॅपटॉपच्या धातूच्या भागावर मनगट टेकलं आणि बारीक झिणझिण्या आल्या, तर आधी अर्थिंगचा संशय घ्या आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या जोडणीत खुपसला तरी हेच होतं.

मग पाऊस

अलोरे समुद्रापासून बरंच आत असल्यामुळे गुहागर-दापोलीच्या किनाऱ्यासारखी खारी हवा तुम्हाला नाही. ओलावा मात्र भरपूर आहे. रोज वापरातला लॅपटॉप स्वतःच्या उष्णतेने आतून सुका राहतो. दमट कपाटात महिनाभर पडून राहिलेल्याच्या सांध्यांवर मात्र गंज धरतो. तेव्हा जपून ठेवण्यापेक्षा वापरणं बरं.

एसीच्या लॅबमधून पावसाळी हवेत बाहेर आलं की गार धातूवर दव धरतं, चष्म्याच्या काचेवर धरतं तसं. ते आतल्या बोर्डावरही धरू शकतं. लॅबमधून आल्यावर लॅपटॉप पंधरा-वीस मिनिटं बंद सॅकमध्येच राहू द्यायचा, मग उघडायचा. सॅक ‘वॉटरप्रूफ’ म्हणून विकली असली तरी आत एक जाड प्लास्टिकची पिशवी ठेवा. एसटीच्या खिडकीतून येणारी झड शिवणीतून आत जाते.

पाणी सांडलंच तर लगेच बंद करायचा, चार्जर काढायचा आणि सुरू होतो का हे न बघता दुरुस्तीवाल्याकडे न्यायचा. तांदळाच्या डब्यात ठेवून काही होत नाही. बहुतेक लॅपटॉप पाण्याने मरत नाहीत, ओले असताना सुरू करून पाहिल्याने मरतात.

पोटात काय हवं

कॉम्प्युटर शाखेत सी, जावा, पायथॉन लागेल, पुढे डेटाबेस आणि मोबाइल ॲप. पहिल्या तिन्हींना साधा लॅपटॉप पुरतो. ॲप बनवायचा अँड्रॉइड स्टुडिओ मात्र एमुलेटरसकट चालवायचा तर १६ जीबी रॅम मागतो. एआयचा अभ्यास असेल तर जड गणितं ब्राउझरमधून गुगल कोलॅबसारख्या सेवेवर करता येतात, त्यासाठी घरात महागडं ग्राफिक्स कार्ड लागत नाही.

म्हणून पैसे या क्रमाने घाला. पहिली रॅम: १६ जीबी. आज ८ जीबीचाच परवडत असेल तर रॅमसाठी मोकळा स्लॉट आहे का, हे विचारा. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच कायमची बसवलेली असते आणि नंतर वाढवता येत नाही. ‘पुढे बघू’ हा विचारही सध्या महाग पडतो, कारण एआयच्या डेटा सेंटरांची मागणी वाढल्यामुळे २०२५ च्या अखेरीपासून जगभर मेमरीचे भाव चढले आहेत.

दुसरी एसएसडी: ५१२ जीबी, एनव्हीएमई जातीची. ‘ईएमएमसी’ असं लिहिलेलं दिसलं की खाली ठेवा. ती संथ असते आणि बोर्डाला जोडलेली असल्यामुळे बदलता येत नाही.

तिसरा पडदा: फुल एचडी, शक्यतो आयपीएस. लॅपटॉप किंचित तिरका करून बघा. रंग उलटे झाले, काळं करडं दिसू लागलं, तर तो पडदा चार वर्षं डोळ्यांना त्रास देईल.

प्रोसेसर चौथा. इंटेलचा बाराव्या पिढीचा आय-३ म्हणजे १२१५यू पहिल्या वर्षाला पुरतो. त्याच पिढीचा आय-५, किंवा एएमडीचा रायझन ५, मिळाला तर उत्तम. एएमडीच्या ७००० मालिकेत एक खोच आहे: आकड्यातला तिसरा अंक आतली रचना किती जुनी ते सांगतो. ७५२०यू आणि ७५३०यू शेजारी ठेवले तर दोन्हीवर रायझन ५ लिहिलेलं दिसेल, पण पहिल्याच्या आत जुनी झेन २ रचना आहे, दुसऱ्याच्या आत झेन ३. पहिल्यात गाभे चार, दुसऱ्यात सहा. शिवाय ७५२०यू असलेल्या लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच बसवलेली असते. एका अंकाने एवढा फरक पडतो.

स्नॅपड्रॅगन चिपचे लॅपटॉप बॅटरीला चांगले आहेत, पण कॉलेजची सगळी सॉफ्टवेअरं आणि ड्रायव्हर त्यांवर चालतातच असं नाही. विचारल्याशिवाय घेऊ नका.

गेमिंगचा की साधा

दुकानदाराचं म्हणणं अगदी खोटं नाही. गेमिंगच्या लॅपटॉपचा पंखा मोठा असतो, रॅम बहुधा वाढवता येते. पण वजन सव्वादोन किलोच्या पुढे, वर अर्धा किलोचा अडॅप्टर, आणि बॅटरी चार-पाच तासांत संपते. अलोऱ्याहून चिपळूण आणि तिथून पुढे लवेल, एवढा प्रवास पाठीवर हे ओझं घेऊन करायचा म्हणजे महिन्याभरात लॅपटॉप घरीच राहू लागेल. मेकॅनिकल किंवा सिव्हिलच्या मुलांना त्रिमितीय आराखड्यांसाठी ग्राफिक्स कार्ड लागू शकतं. तुमच्या मुलीला नाही. तिच्यासाठी दीड-पावणेदोन किलोचा साधा लॅपटॉप बरा.

भाच्याचा सल्ला

कंपन्यांनी तीन-चार वर्षं वापरून काढलेले थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक ‘रिफर्बिश्ड’ म्हणून मिळतात आणि माझ्या कसोटीवर ते चांगले उतरतात. कीबोर्ड दणकट, बॅटरी बदलता येते, पार्ट बाजारात मुबलक. बजेट तीस हजारांच्या आत असतं तर मी हाच मार्ग सांगितला असता. अट एकच, फार जुना नको. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलची किमान आठवी पिढी लागते. आठवी पिढी २०१७-१८ ची, म्हणजे आत्ताच काठावर आहे. चार वर्षं काढायची तर अकराव्या पिढीच्या खाली जाऊ नका.

तपासताना झाकण एका कोपऱ्याला धरून उघडा. कुरकुर झाली किंवा पडदा डुलला तर बिजागरी गेली समजा. चार्जरची पिन लावून हलकेच हलवा, चार्जिंग तुटता कामा नये. मग दुकानदाराला विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढायला सांगा. त्यात दोन आकडे असतात: बॅटरी नवी असतानाची क्षमता आणि आजची. समजा पहिला ५०,००० आणि दुसरा ३१,००० मिलिवॅट-तास असेल, तर बॅटरीत बासष्ट टक्के जीव उरला आहे. नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वळते करून मागा. बायोसला जुन्या कंपनीचा पासवर्ड नाही, हे सुरू करून दाखवायला सांगा. स्क्रूंच्या डोक्यांवर आणि पोर्टच्या आत गंज दिसला तर तो लॅपटॉप कधीतरी भिजलेला असू शकतो. किंमत कितीही कमी असो, तो नको.

तुमच्याकडे पंचेचाळीस हजार आहेत, म्हणून माझा कौल नव्याला. चार वर्षांची धावपळ आणि नव्या बॅटरीचा फायदा बघता तेच सोयीचं.

वॉरंटीचा कागद

‘ऑनसाइट’ म्हणजे माणूस घरी येणार, ‘कॅरी-इन’ म्हणजे तुम्ही सेंटरवर न्यायचा. ते सेंटर चिपळूणला आहे, रत्नागिरीला, की थेट कोल्हापूर-पुण्याला, हे घेण्याआधी विचारा. ऑनसाइटमध्ये अलोऱ्याचा पिनकोड बसतो का, हे कंपनीच्या हेल्पलाइनला फोन करून खात्री करा, विक्रेत्याच्या तोंडी शब्दावर राहू नका. चिपळूणचा दुकानदार ऑनलाइनपेक्षा हजार-दीड हजार जास्त सांगत असेल आणि सर्व्हिस सेंटरशी स्वतः बोलायला तयार असेल, तर ते पैसे वाया जात नाहीत.

पडणं आणि पाणी सांडणं साध्या वॉरंटीत नसतं. त्यासाठी अपघाती नुकसानीचा वेगळा प्लॅन असतो आणि तो खरेदीनंतर ठरावीक दिवसांतच मिळतो. रोज एसटीत चढणाऱ्या लॅपटॉपला मी तो घेईन. पूर त्यात बसतो का, तेही वाचा. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणच्या बाजारपेठेचं काय झालं, हे तुम्हाला सांगायला नको. लॅपटॉप भरून मिळेल, प्रोजेक्ट मिळणार नाही. गुगल ड्राइव्हवर १५ जीबी फुकट आहेत, अभ्यासाच्या फायली रोज तिथे जाऊ द्या.

वाद झालाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. विक्रेता बंगळुरूचा असला तरी रत्नागिरीच्या जिल्हा आयोगात दाद मागता येईल. पक्कं जीएसटी बिल मात्र हवं.

दिवाळीपर्यंत थांबावं का?

दिवाळीपर्यंत नको, पण उद्याच धावायचीही गरज नाही. पहिले काही आठवडे कॉलेजच्या लॅबवर भागतं. तेवढ्यात विभागातून सॉफ्टवेअरची यादी मिळवा आणि वरच्या वर्गातल्या दोघातिघांना विचारा, त्यांचा लॅपटॉप नेमका कशावर अडतो. पंधरा ऑगस्ट आणि गणपतीच्या आसपास दुकानांत आणि ऑनलाइन सवलती निघतात, त्या तुम्हाला पुरेशा आहेत. दिवाळीपर्यंत थांबलात तर पहिलं सत्र संपत आलेलं असेल. ‘नो कॉस्ट’ हप्ता घेणार असाल तर प्रोसेसिंग फी आणि तिच्यावरचा जीएसटी धरून रोख किमतीशी ताडून बघा.

पन्नास हजार पुरे खर्चू नका. त्रेचाळीसच्या आसपास लॅपटॉप घ्या. उरलेल्यात अपघाती प्लॅन, स्पाइक गार्ड आणि बरी सॅक बसवा. आणि खोकं उघडल्यापासून पहिला आठवडा तो रोज चार-पाच तास वापरायला लावा. बदलून द्यायची मुदत बहुधा सात-दहा दिवसांचीच असते, आणि पडद्यावरचा मेलेला ठिपका किंवा अडकणारी कळ त्याच दिवसांत सापडली तर नवा लॅपटॉप मिळतो, नंतर सापडली तर नुसती दुरुस्ती.