छोटी रेल्वे, चार माणसं आणि साडेआठशे पौंड

ब्रिटनमध्ये शनिवार-रविवारी कुठल्या ना कुठल्या गावी, शाळेत नाहीतर चर्चच्या हॉलमध्ये, मॉडेल रेल्वेचं प्रदर्शन भरलेलं असतं. इथे स्थायिक झालेल्या मराठी मंडळींपैकी काहींच्या गॅरेजमध्येही लेआउट उभा आहे. कुणी नेरळ-माथेरान करतो, कुणी भोर घाट. असा लेआउट प्रदर्शनात न्यायचा विचार असेल, तर एक खर्च आधी मांडा, कारण तो सहसा कुणी मांडत नाही: गाड्या चालवणाऱ्या माणसांचा. ऑपरेटर स्वयंसेवक असतो, पगार घेत नाही. पण तो येतो, राहतो, जेवतो, आणि दर तासा-दीड तासाने त्याला बसायला खुर्ची लागते.

इथली रीत अशी की प्रदर्शनवाले लेआउटच्या मालकाला मानधन देत नाहीत, खर्च देतात. म्हणजे बिल त्यांच्या खिशातून जातं. म्हणून आपला काय संबंध, असं वाटेल. संबंध असा की आमंत्रण देण्याआधी प्रदर्शनाचा व्यवस्थापक पहिल्या दोन-तीन प्रश्नांतच विचारतो, ‘ऑपरेटर किती?’ त्या उत्तरावर पुष्कळ ठरतं.

उदाहरण घेऊ. प्रदर्शन घरापासून 120 मैलांवर, दोन दिवसांचं, ऑपरेटर चार. शुक्रवारी लेआउट जोडायचा, रविवारी संध्याकाळी सोडवायचा. मोठी व्हॅन तीन दिवस भाड्याने घेतली तर 280 पौंड धरा, जाऊन-येऊन डिझेल 60. व्हॅनमध्ये तिघं मावतात, चौथ्याच्या गाडीचं इंधन 40. दोघांत एक अशा दोन खोल्या, दोन रात्री, रात्रीला 80 प्रमाणे 320. दुपारचं जेवण बहुधा आयोजक देतात, रात्रीचं माणशी 20 धरलं तर दोन रात्रींचे 160. एकूण 860. आकडे अंदाजाचे आहेत. लंडनजवळ खोली महाग पडेल, उत्तरेकडे स्वस्त. पण गणिताचा रोख बदलत नाही. चाराचे सहा केले की आणखी एक खोली आणि जेवणं मिळून 240 वाढतात, म्हणजे अकराशे. तेच दोघांत भागलं तर एक खोली, एकच वाहन, सगळं 580 मध्ये. लहान क्लबच्या दृष्टीने 580 आणि 1100 यांत होकार आणि नकाराचा फरक असतो.

मग दोघांतच का भागवू नये? करून बघा. सकाळी दहा ते संध्याकाळी पाचपर्यंत एक जण पुढच्या कंट्रोलरवर आणि एक जण मागे फिडल यार्डात, म्हणजे पडद्यामागे गाड्या उभ्या करायच्या आणि बदलायच्या जागेत. चहाला कुणी गेलं की लेआउट अर्धा बंद. रविवारी दुपारी तीनला दोघांच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते प्रेक्षकांनाही दिसतं. माझं मत असं की चालवायच्या जागा जितक्या, त्याच्या दीडपट माणसं हवीत. दोन जागांना तीन. चौथा असला तर चैन. सुट्टीवरच्या माणसाने बाहेर कठड्यापाशी उभं राहून लोकांशी बोलावं. ‘हे माथेरान म्हणजे कुठे?’ याचं उत्तर गाडी चालवता चालवता देणाऱ्याची गाडी हमखास सांध्यावर घसरते.

लेआउट अजून कागदावर असेल तर सर्वांत मोठी बचत तिथेच आहे. फिडल यार्ड असं आखा की ते आणि पुढचे सांधे एकाच खुर्चीवरून हाताला येतील. भोर घाटाचं जुनं रिव्हर्सिंग स्टेशन, जिथे 1929 पर्यंत गाड्या दिशा बदलून पुढे जात, मॉडेलमध्ये फार देखणं दिसतं. पण प्रत्येक गाडीला तिथे थांबून उलटं जायचं, म्हणजे तिथे कायमचा एक माणूस बांधला गेला. हौस म्हणून करा, हिशेब म्हणून करू नका.

आता माणसं आणायची कुठून? पहिली जागा गावचा मॉडेल रेल्वे क्लब. वर्षाची वर्गणी क्लबागणिक बदलते, बहुतेक ठिकाणी फार नसते, आणि तिच्यात बहुधा क्लबच्या विम्याचं छत्रही मिळतं. लेआउट तुमच्या मालकीचा असेल तर तो त्या विम्यात बसतो का, हे मात्र लेखी विचारून घ्या. दुसरी जागा त्या त्या मापाच्या संघटना. एन गेजवाल्यांची सोसायटी 1967 पासून आहे, ओ गेजचं गिल्ड 1956 पासून, आणि माथेरानसारख्या अरुंद मार्गांची मॉडेलं करणाऱ्यांची 009 सोसायटी 1973 पासून. या संघटनांचे स्थानिक गट असतात, आणि त्या मंडळींना तुमच्या प्रकारची गाडी रुळावर ठेवायला शिकवावं लागत नाही, हा खरा फायदा. तिसरी जागा वारसा रेल्वे. वेल्समधली टॅलिलिन 1951 पासून स्वयंसेवकांच्या जोरावर चालते, आणि तशा डझनावारी लाइन्स देशभर आहेत. तिथल्या सिग्नलमनला घंटेचे संकेत तोंडपाठ असतात.

माणसं मिळणं अवघड होत चाललंय, हे मात्र खरं. बर्मिंगहॅमच्या एनईसी या प्रदर्शन केंद्रात 1993 पासून भरणारं वॉर्ली क्लबचं राष्ट्रीय प्रदर्शन 2023 नंतर थांबलं, आणि एवढा पसारा अंगावर घ्यायला माणसं पुरेनाशी होणं हे त्यामागच्या कारणांपैकी एक होतं. तेव्हा क्लबात जाऊन ‘माझ्या लेआउटला या’ म्हणण्याआधी दोन प्रदर्शनांत दुसऱ्याच्या लेआउटवर उभे राहा. खर्च शून्य. परतफेडीला माणसं आपोआप येतात.

मराठी घरांत आणखी दोन प्रकारची माणसं हाताशी असतात, आणि दोघांच्या बाबतीत नियम बघावा लागतो. एक, विद्यापीठात शिकणारी भाची-पुतणे मंडळी. स्टुडंट व्हिसावर सत्र चालू असताना पदवी अभ्यासक्रमाला आठवड्याला 20 तासांची कामाची मर्यादा असते. आपखुशीने, कसलंही बंधन न घेता केलेली मदत तिच्यात मोजत नाहीत. ठरलेल्या वेळा पाळण्याचं बंधन घालून, पगारी माणसाच्या जागी उभं केलं तर मोजतात, बिनपगारी असलं तरी. शंका असेल तर विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयात विचारा, तो सल्ला फुकट असतो. दुसरे, सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा. त्यांत बाबा रेल्वेतून निवृत्त झालेले असले तर अशा ऑपरेटरची सर कुणाला येणार नाही. व्हिजिटर व्हिसावर स्वयंसेवा चालते, पण ती नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी, एकूण 30 दिवसांपर्यंत, आणि भेटीचा मुख्य हेतू ती नसेल तर. स्वतःच्या मुलाच्या लेआउटशी कौतुकाने खेळणं वेगळं. आयोजक क्लबासाठी अधिकृतपणे उभं राहायचं असेल तर क्लब धर्मादाय म्हणून नोंदलेला आहे का ते पाहा. सगळे नसतात.

पैसे देताना प्रत्यक्ष झालेला खर्च द्या आणि पावत्या ठेवा. स्वतःची गाडी आणणाऱ्यासाठी मैलामागे 45 पेन्स हा करखात्याने 2011 साली ठरवलेला दर बरेच जण वापरतात. वरच्या उदाहरणात तो लावला तर 240 मैलांचे 108 पौंड होतात, नुसत्या इंधनाचे 40. कोणता धरायचा हे आधीच ठरवा, नंतर कटुता येते. ‘ठेव शंभर पौंड’ असं वर काही देऊ नका. खर्चाहून जास्त दिलेली रक्कम मजुरी ठरू शकते, आणि मग कराचे प्रश्न निघतात.

शिकवण्याचा खर्च मात्र थोडा आहे, आणि सगळा वसूल होतो. नव्या माणसाला थेट मोठ्या लेआउटवर बसवू नका. एक फळी घ्या आणि तिच्यावर इंग्लनुक बांधा. अ‍ॅलन राइट या ब्रिटिश मॉडेलरने लोकप्रिय केलेलं हे शंटिंगचं कोडं: तीन फाटे, एकात पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोन फाट्यांत तीन-तीन. एकूण आठ वाघिणी. चिठ्ठ्या काढून पाच निवडायच्या आणि निघाल्या त्याच क्रमाने गाडी जुळवायची. अशा 6720 जुळण्या होतात, तेव्हा कंटाळा येण्याची भीती नाही. दोन सांध्यांचे 36 पौंड, रूळ 18, लाकूड 25, साधा कंट्रोलर 50, जुनं पण चांगलं इंजिन 50, जुन्या वाघिणी आठाच्या 64: सगळं 243. रूळ, इंजिन, वाघिणी घरातल्याच वापरल्या तर 111 मध्ये. एका दुपारी माणूस यावर वाघिणी सोडवणं, जोडणं आणि मुख्य म्हणजे हळू चालवणं शिकतो.

हळू म्हणजे किती, हे सांगावं लागतं, कारण नवखा माणूस सगळ्या गाड्या राजधानी एक्सप्रेससारख्या सोडतो. ओओ मापात, म्हणजे 1:76 च्या आसपास, ताशी 30 मैलांची गाडी एक मीटर सुमारे पावणेसहा सेकंदांत कापते. शंटिंगचा वेग ताशी 5 मैल धरला तर त्याच मीटरला 34 सेकंद. मोबाइलवर स्टॉपवॉच लावा, फळीवर मीटरभर अंतरावर दोन खुणा करा आणि मोजा. 34 सेकंद भयंकर लांबतात. पण पाहणारा थबकतो तो याच वेगापाशी.

त्यानंतर क्रमपत्रं. घड्याळाचं वेळापत्रक प्रदर्शनात टिकत नाही. एक गाडी अडली की सगळं कोसळतं. त्याऐवजी पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर एकेक हालचाल लिहा: कुठली गाडी, कुठून कुठे, कुठला सांधा. एक झाली की पत्ता उलटा. खर्च पाच पौंड, आणि रविवारी सकाळी अचानक आलेला नवा माणूसही अर्ध्या तासात गाडी धरतो. पुढच्या-मागच्या ऑपरेटरांमध्ये हाका मारणं टाळायचं असेल तर घंटा बसवा. ब्रिटिश ब्लॉक पद्धतीत एक ठोका म्हणजे ‘लक्ष द्या’, दोन म्हणजे ‘गाडी तुमच्या भागात शिरली’, आणि दोन-विराम-एक म्हणजे ‘गाडी बाहेर पडली’. सुरुवातीला एवढे तीन पुरे. प्रेक्षकांतल्या म्हाताऱ्या रेल्वेवाल्यांना ते ऐकून फार बरं वाटतं.

डिजिटल कंट्रोल असेल तर हँडसेट लहान मुलांना दोन मिनिटांत कळतो, मोठ्यांना दुपार लागते. इंजिनातली चिप कारखान्यातून 3 या पत्त्यावर येते. नवं इंजिन पत्ता न बदलता आणलं तर एकाच बटणावर दोन इंजिनं निघतात, म्हणून आदल्या आठवड्यात पत्त्यांची यादी चिकटवून ठेवा. मोबाइललाच कंट्रोलर करणारी अ‍ॅप फुकट आहेत, पण भरलेल्या हॉलमध्ये वाय-फाय दगा देतं. तारेचा एक हँडसेट राखीव असू द्या.

गाडी घसरल्यावर काय करायचं, हा शेवटचा धडा. आधी थांबवायची, मग लोकांकडे बघून हसायचं, मग उचलायची. 230 व्होल्टच्या पेटीला मालकाखेरीज कुणी हात लावायचा नाही. इतकं प्रत्येक क्रमपत्राच्या मागे लिहा.

सुट्टीत पुण्याला गेलात तर कर्वे रस्त्याजवळचं, भाऊसाहेब जोशींनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय बघून या. 1998 पासून ते लोकांसाठी खुलं आहे. तिथे लेआउट हलत नाही, प्रेक्षक येतात, म्हणून व्हॅन नि खोल्यांचा हिशेबच नाही. पण खेळाबरोबर चालणारं निवेदन कान देऊन ऐका. आपल्या सुट्टीवरच्या ऑपरेटरने कठड्यापाशी काय बोलावं, याचा अंदाज तिथे येतो.

आणि आमंत्रणाच्या अर्जात ऑपरेटरच्या रकान्यात सगळ्यात छोटा प्रामाणिक आकडा भरा. तिघांत भागत असेल तर तीन. चौथ्याला यायचंच असेल तर त्याची खोली आणि जेवण तुमच्याकडे, आणि ते त्याला निघण्याआधी सांगा.